कापून संपवायचं चित्र: एका हान्शिताच्या नोंदी

2 जून 2024

जपानी चित्रकार होकुसाईची ती मोठी लाट पाहिली नाही असा माणूस सापडणं अवघड. 1831 च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ती छापली गेली. तिच्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण या प्रती ज्याच्यावरून निघाल्या, ते होकुसाईच्या हातचं चित्र कुठल्याच संग्रहालयात नाही. असूच शकत नाही.

जपानी लाकडी छापांची रीत अशी. चित्रकार, म्हणजे एशी, पातळ कागदावर फक्त काळ्या रेषेत शेवटचं चित्र काढतो. त्याला म्हणतात हान्शिता-ए, थोडक्यात हान्शिता. कोरणारा, म्हणजे होरीशी, ते रानचेरीच्या फळीवर पालथं चिकटवतो. चित्राचं तोंड लाकडाकडे. मग कागदासकट कापत जातो. रेष तेवढी उभी राहते, बाकीचं लाकूड खाली जातं. फळी तयार होते तेव्हा चित्र संपलेलं असतं. पुढे छापणारा, तो सुरीशी. आणि या तिघांना कामाला लावणारा, पैसे घालणारा प्रकाशक, तो हानमोतो.

म्हणजे आज जी हान्शिता बघायला मिळतात ती बहुतेक सगळी न झालेल्या छापांची आहेत. कुठे प्रकाशकाने हात आखडता घेतला, कुठे बेत अर्ध्यात मोडला, म्हणून ती फळीपर्यंत पोचलीच नाहीत आणि वाचली.

मी गेली सहा वर्षं लाकडावर कोरून छापते. चित्र माझं, कोरणं माझं, छापणं माझं. त्यामुळे कोरताना मनात आलं की रेष बदलते, आणि चित्र काढताना कसलंच उत्तर पुरतं देत नाही. पुढचं पुढे बघू म्हणते. ही सवय मला मोडायची आहे. एक हान्शिता रीतसर करायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि जाऊ द्यायचं. कोरणार मामा. त्यांनी चाळीस वर्षं मिरजेत सतारींवर नक्षी कोरली. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात अजून स्थिर आहे. फोनवर विचारलं तर म्हणाले, "चित्र घेऊन ये, मग बघू."

9 जून

कुठलं चित्र, ते ठरवण्यात आठवडा गेला.

2020 मध्ये ब्रिटिश म्युझियमने होकुसाईची 103 हान्शिता घेतली. पोस्टकार्डाएवढी लहान चित्रं. साधारण 1820 ते 1840 च्या दशकांतली, सगळ्या जगाचा सचित्र कोश म्हणून काढलेली: प्राणी, पक्षी, फुलं, समुद्र, देव, चीन आणि भारताच्या कथा. कोश छापलाच गेला नाही. चित्रं पुढे पॅरिसचे जवाहिरे आणि संग्राहक आंरी वेव्हर यांच्याकडे होती. 1948 मध्ये पॅरिसच्या लिलावात दिसली, त्यानंतर थेट 2019 मध्ये पुन्हा वर आली. न छापली गेल्यामुळेच ती आज आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती इतकी मोठी करून बघता येतात की कुंचला कुठे टेकला आणि कुठे उचलला ते कळतं.

पहिला मोह झाला तो विरूढकाच्या चित्राचा. कोसलचा राजा, शाक्यांचा संहार करणारा. होकुसाईने त्याच्यावर वीज पाडली आहे. होकुसाईने भारत पाहिला नव्हता, पाहणं शक्यही नव्हतं; जपान्यांना तेव्हा देशाबाहेर जायची बंदी होती. बौद्ध कथा चीनमार्गे जपानात पोचल्या, त्यांतून त्याने आपला भारत उभा केला. आपल्याच ओळखीचा माणूस इतक्या लांबच्या हाताने काढलेला बघताना मी बराच वेळ तिथून हलले नाही. पण रेषांची गर्दी फार. मामांचं हे पहिलं काम आणि माझंही. तो नको.

ठरलं ते दोन मांजरांचं. फुलांच्या झुडपाजवळ दोन मांजरं समोरासमोर ठाकली आहेत. मी त्यातलं एकच घेणार, डोकं आणि खांद्यापर्यंत. केस, डोळा, कान, मिशा: कोरणाऱ्याची परीक्षा घेणारं सगळं तेवढ्यात आहे.

15 जून

सरळ गिरवायला बसायचं नाही असं आज ठरवलं. होकुसाईची रेष वरवर गिरवली तर माझ्या हाताला ती का तिथे आहे हे कळणार नाही.

हान्शिताच्या आधी कच्चं चित्र असतं, त्याला गाको म्हणतात. चित्रकार कुनियोशीची अशी कच्ची चित्रं नेदरलँड्समध्ये लायडनच्या संग्रहालयात बरीच आहेत. कुनियोशी होकुसाईहून जवळपास चाळीस वर्षांनी लहान, योद्धे आणि मांजरं या दोन्हींचा वेडा. त्याच्या गाकोत रेष एकटी नसते. आधी फिकट किंवा लालसर रंगात अंग कुठे वळतं ते शोधलेलं, त्यावर काळ्याने एक रेष, ती पटली नाही म्हणून शेजारी दुसरी, तिसरी. कुठे हात चुकला तर तेवढ्या जागी कागदाचा तुकडा चिकटवून वर नव्याने काढलेलं. एका हाताची पाच बोटं पंधरा होतात, आणि त्या गर्दीत नेमकी कुठली रेष खरी ते फक्त त्याला माहीत.

मग त्या गर्दीवर पातळ कागद ठेवून खरी रेष वेचून घ्यायची. ती वेचलेली रेष म्हणजे हान्शिता. हे काम कधी चित्रकार स्वतः करी, कधी त्याचा शिष्य. पुस्तकाच्या पानावर मजकूर असेल तर तो लिहायला आणखी वेगळा माणूस.

मी लाल पेन्सिलने मांजराचं डोकं सात वेळा शोधलं, होकुसाईचं चित्र समोर ठेवून पण त्यावर कागद न ठेवता. सातव्या वेळी कानामागची खळगी सापडली. माझ्या घरच्या मांजरीच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं, तिथे खरंच हाड आत जातं. होकुसाईने ते एका किंचित जाड झालेल्या रेषेत सांगितलंय.

22 जून

कागद. एदोतले लोक हान्शितासाठी मिनो भागातला पातळ कागद वापरत. माझ्याकडे कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या, धाग्यांचा टिश्यू आहे, जुन्या पोथ्या दुरुस्त करणारे वापरतात तोच. हातावर ठेवला तर रेषा न् रेषा दिसतात. त्यावर शाई टाकली की फुटते. म्हणून त्याला आधी दोसा लावायचा. नाव परकं आहे पण आत काय आहे ते आपल्या घरातलंच: सरस आणि तुरटी. सरस रात्रभर भिजवून मंद आचेवर विरघळवला, तुरटी नंतर, गाळून रुंद ब्रशने एकाच दिशेला लावला.

बाहेर धो धो पाऊस. दोरीवर टाकलेले कागद दोन दिवस झाले तरी वाळेनात. शेवटी स्वयंपाकघरात, शेगडीपासून लांब, पंख्याखाली. घरभर सरसाचा वास. आईला लहानपणीची सुताराची पडवी आठवली. ती बराच वेळ त्याबद्दल बोलत राहिली आणि मी कागद उलटत राहिले.

30 जून

पहिलं हान्शिता. चार कागद वाया, पाचवा ठेवला.

जे आधी कळलं नव्हतं ते लिहून ठेवते. गाको काढताना हात शोधत असतो, त्यामुळे थरथरला तरी चालतं. पुढची रेष ते झाकते. हान्शिताची रेष झाकली जात नाही. जी जाडी कागदावर, तीच लाकडावर, तीच छापात. एका ठिकाणी कुंचला अर्धा सेकंद रेंगाळला की तिथे गाठ येते, आणि कोरणारा ती गाठ इमानाने कोरणार. म्हणून श्वास धरून नाही, सोडत काढायची. मला हे चौथ्या कागदावर जमलं आणि तेव्हाच शाई सांडली.

शाई काजळीची, कांडी दगडावर घासून केलेली. आधी बाटलीतली वापरून पाहिली होती. वाळल्यावर पाण्याचं बोट लावलं तर पसरली. खळीवर पालथं चिकटवल्यावर काय झालं असतं ते उघड आहे. कांडीची शाई सरसात बांधलेली असते, दोन दिवस वाळू दिली की जागची हलत नाही.

अंगावरचे केस मी सगळे काढले. एकेक. तीनशेच्या वर असतील.

6 जुलै

मिरजेला गेले. मामांनी कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही रेघ इथं थांबली, का दमली?"

गालाखालची रेष. मला सांगता येईना. होकुसाईच्या चित्रात ती तिथे थांबते, हे मला माहीत होतं. माझ्या कागदावर ती का थांबली हे मला माहीत नव्हतं.

"थांबली असेल तर टोक धारदार पाहिजे. दमली असेल तर मी ती पुढं नेतो. पण तू सांगायला पाहिजे. मी ठरवलं तर ते माझं मांजर होईल."

मग केसांबद्दल. "एवढे केस कशाला काढलेस? दिशा दाखव, कडा दाखव. मधलं मी बघतो. तू काढलेल्या केसावर सुरी नेली तर ती तुझा केस शोधत राहील, मग हात अडखळणार."

मी थक्क झाले, कारण एदोत नेमकं हेच चाले. स्त्रियांच्या छापचित्रांत कपाळाजवळचे जे बारीक केस बघून आपण चित्रकाराला दाद देतो, ते चित्रकार बहुधा काढतच नसे. तो केसांची कड आणि ओघ दाखवी; एकेक केस कोरणारा काढी, सुरीनेच. त्यासाठी डोकी कोरणारे वेगळे, सर्वांत कसलेले कारागीर असत. अंगावरचे कपडे, पार्श्वभूमी शिकाऊ हातांकडे. कापडावर तेच ते नक्षीचं बुट्टं असेल तर चित्रकार कोपऱ्यात थोडं काढून बाकीची जागा मोकळी ठेवी. हान्शिता मुद्दाम अपुरं असतं. मामांनी यातलं काही वाचलेलं नाही. सतारीच्या तबलीवर वेल कोरताना त्यांना मिळणारा कागदही तसाच असे: एक पान पूर्ण, बाकीच्यांचे नुसते देठ.

7 जुलै

रात्री होकुसाईच्या पत्राची आठवण झाली. सत्तरी ओलांडल्यावर त्याने प्रकाशकाला लिहिलं होतं की कोरणाऱ्याला सांगा, मी डोळ्याची खालची पापणी काढलेली नसेल तर त्याने घालू नये. नाकांबद्दलही तक्रार होती. आपली नाकं कशी असतात ती त्याने पत्रातच काढून दाखवली, आणि उतागावा या चित्रकारांच्या घराण्याच्या धर्तीची नाकं कोरू नयेत असं बजावलं. एगावा तोमेकिची नावाच्या कोरणाऱ्यावर त्याचा विश्वास होता, काम त्याच्याकडे जावं असा त्याचा आग्रह असे.

पूर्वी हे पत्र मला म्हाताऱ्या माणसाच्या हट्टासारखं वाटायचं. आज वेगळं वाटतं. केस सोडता येतात, पापणी सोडता येत नाही. काय सोडायचं आणि काय हातचं सुटू द्यायचं नाही, ही यादी त्याच्या डोक्यात पक्की होती. आणि ती पक्की होती कारण चित्रकार होण्याआधी, पंधरा-सोळाव्या वर्षी, तो स्वतः फळ्या कोरत होता. सुरी कुठे आपल्या मनाने जाते हे त्याला माहीत होतं.

13 जुलै

दुसरं हान्शिता. या वेळी केसांची फक्त कड आणि नऊ ठिकाणी दिशा. गालाखालची रेष थांबवली, टोक धारदार. डोळा पुरा: बाहुली, वरची पापणी, कोपऱ्यातला ठिपका. खालची पापणी नाही. मिशा चार, प्रत्येकीची जाडी मुळाशी आणि टोकाशी वेगळी.

कागदावर रिकामी जागा बघून भीती वाटते, हे लिहून ठेवायला हवं. पहिलं चित्र सुंदर होतं, भिंतीवर लावावं असं. हे दुसरं तसं नाही. हे कुणीतरी हातात घेऊन काम करण्यासाठी आहे.

20 जुलै

लाकूड. रानचेरी इथे मिळत नाही. तिचं वैशिष्ट्य एवढंच की ती कठीण असून तंतू फार एकसारखे, बारीक रेष उभी राहते आणि हजारो छापांनंतरही तुटत नाही. सागवान तेलकट आणि रेषाळ. मामांनी हेदूची फळी सुचवली. पूर्वी याच्या फण्या करत. पिवळसर, गुळगुळीत, घट्ट. वखारीत एक जुना तुकडा मिळाला, पंधरा वर्षं वाळलेला. रंधा मारून, पॉलिश पेपर न लावता फक्त धारदार पात्याने तासून काचेसारखा केला. पॉलिश पेपरची भुकटी तंतूंत बसते आणि सुरीची धार खाते, असं मामांचं म्हणणं.

3 ऑगस्ट

वाईट दिवस.

तांदळाची खळ केली, गाळली, फळीवर तळहाताने पसरली. हान्शिता पालथं ठेवलं आणि मधून कडेकडे दाबत गेले. ओला झाल्यावर कागद वाढतो हे ठाऊक होतं, इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. कपाळाजवळ फुगा आला. तो दाबला तर घडी पडली, घडी सोडवायला कागद उचलला तर फाटला. डोळ्यातून.

दुसरं हान्शिता गेलं. कोरल्याशिवाय गेलं. कापून संपेल तेव्हा काय वाटेल याची मी तयारी करत होते, हे असं जाईल याची केली नव्हती.

चूक माझी आणि तिची कारणं दोन. खळ जाड होती. आणि हवेत इतकी ओल होती की कागद आधीच सैल पडला होता, त्याला ताण उरला नव्हता. मामा काही बोलले नाहीत. फळी कोमट पाण्याने पुसून, कागद काढून, उभी ठेवली आणि म्हणाले, "चहा घे."

17 ऑगस्ट

आज तिसरं. गेल्या दोन आठवड्यांत काढलं. हात आता मांजराच्या वाटा ओळखतो, त्यामुळे सव्वा तासात झालं. रेष दुसऱ्यापेक्षा मोकळी आहे.

खळ ताकासारखी पातळ. फळीवर पसरून मामांनी तळहाताने ती जवळजवळ पुसूनच काढली, फक्त चिकटपणा राहील इतकी. कागद दोघांनी चार कोपऱ्यांत धरून आधी मध्यावर टेकवला, मग बाहेर. फुगा नाही.

थोडा वाळल्यावर मागचा थर काढायचा. बोट किंचित ओलं करून कागदावर हळूहळू चोळायचं. तंतू वळकट्या होऊन निघत येतात, अंगावरच्या मळासारख्या. जितकं काढावं तितकं चित्र वर येतं. शेवटी कागदाचा सायीएवढा पापुद्रा उरतो आणि त्यातून काळी रेष लाकडावरच काढल्यासारखी दिसते. त्यावर तेलाचं बोट फिरवलं तसा उरलेला धूसरपणाही गेला.

मांजर आता डावीकडे बघतंय. मी काढलं तेव्हा उजवीकडे बघत होतं. छापलं की पुन्हा उजवीकडे वळेल.

कितीतरी वेळ बघत बसले. इतकं स्पष्ट ते कागदावर असतानाही नव्हतं.

25 ऑगस्ट

मामांनी डोळ्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं सोप्या जागेपासून करतील. म्हणाले, आज हात ताजा आहे, डोळा आजच.

सुरी मुठीत, पातं आपल्याकडे, डाव्या हाताचं बोट पात्याला टेकून वाट दाखवतं. रेषेच्या दोन्ही बाजूंनी काप. पातं रेषेपासून बाहेर कललेलं, म्हणजे उभा राहणारा कणा तळाशी रुंद आणि माथ्याला बारीक होतो. सरळ कापला तर छापताना मोडतो. पापणीच्या वरच्या बाजूचा काप एका श्वासात. मग माझ्या हाती गोल पटाशी, आणि रेषांमधलं रिकामं लाकूड काढायचं शिकाऊचं काम.

कोपऱ्यात केंतोच्या खुणाही आजच कोरल्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोन आणि त्याच कडेला डावीकडे एक सरळ खाच. छापताना प्रत्येक कागद याच दोन खाचांत टेकवून ठेवायचा. अनेक रंगांच्या छापांत वेगवेगळ्या फळ्या एकमेकींवर बरोबर बसतात त्या यांच्या जोरावर. आमची छाप एकाच काळ्या फळीची, तरी खुणा हव्यातच, म्हणजे पुढे रंग घालावासा वाटला तर दार उघडं.

8 सप्टेंबर

थोडकं काम. कान झाला.

दुपारी मामांना जपानी चित्रकार योशिदा हिरोशीच्या छापा फोनवर दाखवल्या. 1930-31 मध्ये तो मुलाला, तोशीला, घेऊन भारत फिरला होता. ताजमहाल, बनारसचे घाट, आणि आपल्याकडचं अजिंठा आणि वेरूळ. जागेवर रेखाटनं करून नेली आणि जपानात परतून त्यांच्या लाकडी छापा केल्या. तोवर काळ बदलला होता. त्याने स्वतःची कार्यशाळा काढली होती, प्रकाशकावर अवलंबून नव्हता, कारागिरांच्या शेजारी बसून देखरेख करी आणि स्वतःही कोरी. मामांना लेण्यातला अंधार फार आवडला. एकाच फळीवर शाई कमी-जास्त पुसून असा उजेड सरकवतात, हे सांगितल्यावर त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "मी वेरूळला शाळेच्या सहलीला गेलो होतो. माझ्या डोक्यात एवढा उजेड राहिला नाही."

14 सप्टेंबर

परवानगीचा मुद्दा वाचनात आला आणि इथे टिपून ठेवावासा वाटतो. 1790 नंतर एदोत छापायच्या आधी हान्शिता तपासनीसांना दाखवावं लागे. चित्र चाललं तर त्यावरच 'किवामे' असा गोल शिक्का उमटवत. मग होरीशी चित्राबरोबर तो शिक्काही कोरी. म्हणून तो प्रत्येक छापीवर दिसतो. शिक्का मारणाऱ्याचा हातही त्या फळीत उतरायचा. आज आपण त्या बारक्या वर्तुळावरून छापीचा काळ अदमासतो.

22 सप्टेंबर

कोरून झालं.

केसांचं शेवटचं काम मामांनी सलग तीन सकाळी केलं, दुपारनंतर नाही. माझ्या नऊ दिशांमधून त्यांनी जे केस काढले ते माझ्या पहिल्या कागदावरच्या तीनशेपेक्षा खूप कमी आहेत. तरी अंग जास्त केसाळ वाटतं. खांद्यावर एका ठिकाणी त्यांनी केसांना माझ्या खुणेपेक्षा थोडं उलट वळवलंय. विचारलं तर म्हणाले, मांजर फिस्कारतं तेव्हा तिथले केस उभे राहतात. मी ते सोडलं होतं म्हणून त्यांना घालता आलं. ते मी काढलं असतं तर चुकीचं काढलं असतं.

मग फळी कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुतली. रेषांच्या माथ्यावर चिकटून राहिलेला कागद भिजून सुटला. काळे, अर्धपारदर्शक धागे, पाण्यात तरंगणारे. ते गाळणीत धरले आणि वर्तमानपत्रावर वाळवले. हान्शिताचं जे उरलं ते एवढं. चिमूटभर. ठेवलंय एका काडेपेटीत.

होकुसाईने शंभर कवींच्या शंभर कवितांवर चित्रमाला आखली होती, दाईने समजावून सांगितल्यासारखी. 1830 च्या दशकात त्यातल्या 27 छापल्या गेल्या आणि काम थांबलं. उरलेल्यांपैकी साठाहून अधिक हान्शिता आज आहेत, कित्येक वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात. छापल्या गेलेल्या सत्तावीस चित्रांची हान्शिता एदोतल्या कुणा कोरणाऱ्याच्या अंगणात अशीच पाण्याबरोबर गेली असणार. आज पहिल्यांदा मला त्या सत्तावीसांसाठी वाईट वाटलं नाही.

2 ऑक्टोबर

पहिली छाप.

फळी ओलसर केली, काजळीची शाई आणि खळीचा एक थेंब ब्रशने फळीवरच मिसळले. कागद आदल्या रात्री ओला करून दाबून ठेवलेला. केंतोत टेकवला, सोडला, बारेनने मागून घासला. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या सालपटात गुंडाळलेली चपटी गोल गादी. तिने दाब सगळीकडे सारखा पडतो.

उचलला. मांजर उजवीकडे बघत होतं.

एकाच दृष्टीत दोन गोष्टी दिसल्या. डोळा बरोबर आहे, खालची पापणी नाही आणि तिची उणीवही नाही. आणि तिसरी मिशी मध्यावर तुटलेली आहे. छापताना तुटली की आधीच, सांगता येत नाही. हेदू चेरीइतका घट्ट नाही, हे एवढ्या बारीक रेषेत उघडं पडलं.

मी मिशी काढूनच टाकू म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. तुटलेल्या जागी लाकडात बोटाच्या पेराएवढा चौकोन खोदला, त्यात त्याच फळीच्या कडेचा तुकडा तंतू जुळवून ठोकला, सरसाने बसवला, तासून सपाट केला. जपानी कारागीर याला इरेकी म्हणतात, 'घातलेलं लाकूड'. सतारीच्या तबलीला चीर गेली की मामा हेच करत आले. मग म्हणाले, "आता मिशी काढून दे."

हान्शिता तर उरलं नव्हतं. मी पहिल्या छापीवर पातळ कागद ठेवून तेवढीच एक मिशी काढली, दोन सेंटिमीटरची. मुळाशी जाड, टोकाशी बारीक. वाळवली, तुकडा कापला, खळीने पालथा चिकटवला. हे माझं चौथं आणि सर्वांत लहान हान्शिता. मामांनी ते दहा मिनिटांत कोरून संपवलं.

6 ऑक्टोबर

वीस प्रती छापल्या. पहिल्या तीन फिकट, चौथीपासून फळीने शाई धरली. अकरावीत खांद्याचे ते उलटे केस सर्वांत चांगले उमटले आहेत, ती मामांना दिली. त्यांनी ती काचेवर न धरता उजेडापासून लांब, भिंतीशी धरून पाहिली.

खाली नाव कुठे घालायचं ते विचारलं. जुन्या छापांवर चित्रकाराची सही जवळजवळ नेहमी असते, प्रकाशकाची खूण असते, कोरणाऱ्याचं नाव क्वचित. आम्ही फळीच्या डाव्या कडेला दोन लहान खुणा कोरल्या, माझी आणि त्यांची, एकाच उंचीच्या.

फळी कोरडी करून, कापडात गुंडाळून, सपाट ठेवली आहे. पुढच्या खेपेला विरूढक. मामांनी पेन्सिलने यादी मागितली आहे, वीज पडते तिथल्या किती रेषा मी काढणार आणि किती त्यांच्यावर सोडणार याची. दिवाळीनंतर घेऊन जाणार.